निमंत्रणे पुष्कळ, बिदागी कोठे? जबलपूरसारख्या शहरातील एकट्या कलावंताचा हिशेब

गणेशोत्सव जवळ आला की जबलपूरच्या नेपियर टाउन परिसरात राहणाऱ्या मराठी गायक-वादकांचे दूरध्वनी वाजू लागतात. एखाद्या संध्याकाळी अभंग म्हणायचे असतात, कोठे भावगीतांचा तासाभराचा कार्यक्रम हवा असतो, कोठे आरतीपूर्वी बासरी वा संवादिनीचे एकल वादन. निमंत्रणाची भाषा आपुलकीची असते. संभाषणात सगळे येते, फक्त मानधनाचा विषय येत नाही. कार्यक्रमानंतर शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह मिळते. कलावंताचा सन्मान झालेला असतो. पण तबलजीचे पैसे, रिक्षाभाडे आणि तालमीत गेलेले दोन दिवस यांचा हिशेब त्याचा त्यालाच करावा लागतो.

कोणत्याही संस्थेत नोकरी नसलेल्या, वाद्यवृंदाचा भाग नसलेल्या आणि केवळ स्वतःच्या गळ्यावर वा वाद्यावर उपजीविका करू पाहणाऱ्या कलावंतापुढे हा प्रश्न देशभर आहे. मुंबई-पुण्यात कार्यक्रमांची संख्या मोठी असल्याने तो काहीसा झाकला जातो. जबलपूरसारख्या शहरात तो उघडा पडतो. येथे कार्यक्रम नाहीत असे नाही. ते अनेक छोट्या ठिकाणी विखुरलेले आहेत आणि त्यांपैकी बऱ्याच ठिकाणी पैसे मागण्याची रीतच पडलेली नाही. त्यामुळे काम शोधणे जितके महत्त्वाचे, तितकेच मिळालेल्या कामाचे मोल आधी ठरवणे महत्त्वाचे ठरते.

मराठी संगीताचा जबलपूरशी जुना संबंध

जबलपूरचे मराठीपण नवे नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात आला आणि १८१७ साली इंग्रजांकडे गेला. पुढे मध्य प्रांत व वऱ्हाडच्या काळात नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होती. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत ती वेगळ्या राज्यांत गेली. सरकारी कचेऱ्या, रेल्वे, शिक्षणसंस्था आणि संरक्षण साहित्याचे कारखाने यांच्या निमित्ताने अनेक मराठी कुटुंबे येथे स्थिरावली. भंवरताल उद्यान, राणी दुर्गावती संग्रहालय आणि मुलींचे गृहविज्ञान महाविद्यालय यांमुळे ओळखला जाणारा नेपियर टाउन हा भाग शहराच्या मध्यवस्तीत आहे. शेजारच्या राइट टाउन आणि गोल बाजाराकडे मराठी शाळा, मंदिरे आणि उत्सव यांचे जुने जाळे आहे.

या जाळ्यात संगीताला मानाचे स्थान आहे, पण ते सेवेच्या भावनेने. देवापुढे गायचे, मंडळासाठी गायचे, ओळखीच्या घरी गायचे. यात गैर काही नाही. अडचण अशी की ज्याचे पोट दुसऱ्या नोकरीवर आहे तो हौशी कलावंत आणि ज्याचे पोट संगीतावरच आहे तो व्यावसायिक कलावंत, यांना आयोजक एकाच मापाने मोजतात.

कीर्तनकार : पहिला एकटा व्यावसायिक

वास्तविक मराठी परंपरेत एकट्या कलावंताच्या मोबदल्याची पद्धत जुनी आहे. नारदीय कीर्तनकार गावोगाव हिंडत असे. पेटी-तबल्याची साथ पुष्कळदा स्थानिक मिळे. पूर्वरंग आणि उत्तररंग संपून आरती फिरली की श्रोते तबकात यथाशक्ती पैसे टाकत, आणि यजमान वेगळी बिदागी देत. चातुर्मासात एका देवळात महिनाभर कीर्तने ठरली की निवास आणि भोजनाची सोयही होई. कीर्तनकाराला पैसे देणे म्हणजे भक्तीचा अवमान, असे कोणाला वाटत नसे. मध्य प्रदेशात या परंपरेचा मान आजही दिसतो. ग्वाल्हेरच्या तानसेन समारोहाचा प्रारंभ ढोलीबुवा परंपरेतील हरिकथेने आणि मिलादने होतो.

शास्त्रीय गायकांचा मार्ग वेगळा होता. त्यांना दरबार पोसत असे. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संस्थानी आश्रय सोडला आणि सौराष्ट्रात नाममात्र शुल्क घेऊन जाहीर मैफल केली. श्रोत्याने तिकीट काढून गाणे ऐकावे, ही कल्पना त्या काळी धाडसाची होती. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि १९०८ मध्ये मुंबईत शाखा काढली. मात्र मुंबईची वास्तू अखेरीस कर्जापायी गेली. लोकाश्रयावर संगीत उभे राहू शकते हे त्यांनी सिद्ध केले. लोकाश्रयाचा हिशेब चोख ठेवावा लागतो, हा धडाही त्याच इतिहासात आहे.

आकाशवाणीची श्रेणी : ओळखपत्र

संस्थाने विलीन झाल्यानंतर कलावंतांचा सर्वांत मोठा आश्रयदाता आकाशवाणी ठरली. १९५२ ते १९६२ या काळात माहिती व प्रसारण खात्याचे मंत्री असलेले पुण्याचे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्या कारकिर्दीत ध्वनिचाचणीची नवी पद्धत आली. नामवंत कलावंतांनाही परीक्षेला बसावे लागणार म्हणून प्रारंभी तिला विरोध झाला. पुढे मात्र ‘बी’, ‘बी-हाय’, ‘ए’ आणि ‘टॉप’ या श्रेण्या देशभर प्रमाण मानल्या गेल्या.

जबलपूर येथे आकाशवाणीचे केंद्र असल्याने स्थानिक कलावंताला या परीक्षेसाठी दूर जावे लागत नाही. केंद्रातून अर्ज घ्यावा लागतो, त्यात येणारे राग वा गीतप्रकार नमूद करावे लागतात. प्रथम स्थानिक समिती ऐकते. पुढील टप्प्यावर ध्वनिमुद्रण वरिष्ठ मंडळापुढे जाते. उत्तीर्ण कलावंताला श्रेणीनुसार ठरलेले मानधन मिळते आणि प्रत्येक कार्यक्रमासाठी लेखी करार होतो.

केवळ आकाशवाणीच्या कार्यक्रमांवर घर चालेल, अशी अपेक्षा ठेवता येत नाही. श्रेणीचा खरा उपयोग अन्यत्र होतो. अनोळखी आयोजकाला कलावंताचा दर्जा ऐकल्यावाचून कळावा, असे हे ओळखपत्र आहे. शिवाय मानधन लेखी ठरवण्याची सवयही येथेच लागते.

कार्यक्रम कोठे मिळतात?

जबलपूरच्या कलावंतापुढे साधारणपणे पाच प्रकारची दारे आहेत आणि प्रत्येक दाराची वेळ वेगळी आहे.

पहिले दार मंडळांचे. गणेशोत्सव, शारदीय नवरात्र, कोजागरी, दिवाळी पहाट, दत्तजयंती, गुढीपाडवा आणि रामनवमी ही मराठी मंडळांची मुख्य निमित्ते. भाद्रपदातील कार्यक्रमांची आखणी बहुधा आषाढ-श्रावणातच होते. चतुर्थीच्या आठवडाभर आधी विचारणा करणाऱ्या कलावंताला जागा उरत नाही, किंवा उरते ती विनामूल्य. महाराष्ट्राबाहेरील मंडळांचा एकमेकांशी बृहन्महाराष्ट्र मंडळामार्फत संपर्क असतो. जबलपूरला चांगला झालेला कार्यक्रम भोपाळ, इंदूर वा रायपूरच्या मंडळालाही हवा असू शकतो. त्यासाठी एका मंडळाच्या कार्यवाहांचे शिफारसपत्र दुसऱ्या शहरात उपयोगी पडते.

दुसरे दार शासनाचे. मध्य प्रदेशाचा संस्कृती विभाग आणि भोपाळची उस्ताद अलाउद्दीन खां संगीत व कला अकादमी वर्षभर समारोह भरवतात. बाबा अलाउद्दीन खां यांची कर्मभूमी असलेले मैहर जबलपूरपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे आणि त्यांच्या स्मरणार्थ तेथे संगीत समारोह होतो. शरद पौर्णिमेच्या सुमारास भेडाघाटला नर्मदा महोत्सव भरतो. मध्य प्रदेश नागपूरच्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचाही सदस्य आहे. त्यामुळे जबलपूरचा कलावंत तेथेही अर्ज करू शकतो. या सर्व ठिकाणी परिचयपत्र, ध्वनिचित्रमुद्रण, पॅन आणि बँक खात्याचा तपशील लागतो. कागदपत्रांची धारिका तयार असणाऱ्याला संधी आयत्या वेळी साधता येते. शासकीय मानधन उशिरा हाती येऊ शकते, हे मात्र घरखर्चाच्या हिशेबात आधीच धरावे लागते.

तिसरे दार शिक्षणसंस्थांचे. १९७७ मध्ये डॉ. किरण सेठ यांनी सुरू केलेल्या स्पिक मॅके चळवळीने महाविद्यालयांत सप्रयोग व्याख्यानाचा प्रकार रुजवला. जबलपूरमध्ये विद्यापीठ, अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालये आणि अनेक शाळा आहेत. मुलांना एक राग समजावून सांगत चाळीस मिनिटे गाणे ही मैफलीपेक्षा वेगळी कला आहे. ती ज्याला साधते त्याला कमी खर्चात, दिवसाउजेडी आणि बहुधा साथीदारांच्या मोठ्या संचाशिवाय काम मिळू शकते.

चौथे दार लग्नसमारंभ आणि पर्यटनाचे. देवउठनी एकादशीनंतर लग्नसराई सुरू होते. बँड आणि डीजे यांच्या गदारोळात एकल वादकाला जागा असते ती पाहुण्यांच्या स्वागताच्या वेळी किंवा भोजनाच्या वेळी. सतार, बासरी, व्हायोलिन, सनई यांना येथे मागणी असते. जबलपूर हे कान्हा, बांधवगड आणि पेंच या अभयारण्यांकडे जाणाऱ्या प्रवाशांचे मोठे ठाणे आहे. पावसाळ्यात, १ जुलै ते ३० सप्टेंबर या काळात, तेथील मुख्य क्षेत्र बंद असते. उरलेल्या नऊ महिन्यांत तेथील निवासस्थाने पाहुण्यांच्या संध्याकाळीसाठी काय योजना करतात, याची चौकशी उन्हाळ्यातच केलेली बरी.

पाचवे दार शिकवणीचे. हा कार्यक्रम नव्हे. पण बहुतेक स्वतंत्र कलावंतांचा महिना याच्याच आधारावर उभा असतो. १९३१ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांमुळे घरगुती वर्गालाही अभ्यासक्रमाची चौकट मिळाली. मार्च २०२० च्या टाळेबंदीत सारे रंगमंच एका दिवसात बंद पडले, तेव्हा संगणकाच्या पडद्यावरून चाललेल्या शिकवण्यांनीच अनेकांना तारले. परदेशातील मराठी कुटुंबे मुलांना अभंग, नाट्यगीते आणि प्राथमिक राग शिकवू इच्छितात. नेपियर टाउनमधील खोलीतून अमेरिकेतील विद्यार्थ्याला शिकवणे त्यानंतर नवलाचे राहिलेले नाही.

एकट्याचा कार्यक्रम एकट्याचा नसतो

मानधन ठरवताना आयोजकांचा एक गैरसमज वारंवार आडवा येतो. व्यासपीठावर नाव एकाचे असते, म्हणून खर्चही एकाचाच असेल असे त्यांना वाटते. हिशेब समजण्यापुरते एक उदाहरण घेता येईल. समजा, एका गायिकेचे दोन तासांच्या कार्यक्रमासाठी १० हजार रुपये ठरले. त्यातून तबलजीला २,५०० आणि संवादिनीवादकाला २,००० रुपये द्यायचे. वाहन, अल्पोपाहार आणि वाद्यांची ने-आण यांवर १,५०० रुपये गेले. हाती उरले ४ हजार. दोन दिवस तालमीचे आणि एक दिवस कार्यक्रमाचा धरला तर दिवसाला सुमारे १,३३३ रुपये पडले. महिन्यात असे दोन कार्यक्रम झाले तरी घरभाडे आणि मुलांची फी यांची तोंडमिळवणी अवघडच. ध्वनिव्यवस्थेचा भार कोणावर, हे आधी बोलले गेले नाही आणि तो तिच्यावर पडला, तर ती पदरमोड करून गायली असे होते.

या अडचणीवर अनेकांनी मुद्रित संगीताचा, म्हणजे ‘ट्रॅक’चा उपाय शोधला. त्याने खर्च वाचतो, पण साथीदाराचे काम जाते आणि कार्यक्रमाची किंमतही उतरते. त्यातच कराओके गटांची भर पडली आहे. त्यांत हौशी गायक वर्गणी भरून, म्हणजे स्वतः पैसे देऊन, गातात. गाण्याची हौस वाढणे चांगलेच. परंतु जेथे गाणारा पैसे देतो, तेथे गाण्याचे पैसे मागणारा महाग वाटू लागतो. व्यावसायिक कलावंताने या स्पर्धेत दर पाडत जाण्यात अर्थ नाही. ट्रॅकवर होणार नाही असे काही त्याच्यापाशी असायला हवे : श्रोत्यांच्या फर्माइशीनुसार बदलणारी मैफल, एखाद्या संतावर वा संगीतकारावर अभ्यासपूर्वक बांधलेला कार्यक्रम, किंवा हिंदी श्रोत्यांसाठी मराठी अभंगांचा अर्थ उलगडून सांगणारे निवेदन. जबलपूरमध्ये श्रोते दोन भाषांचे आहेत. दोन्ही भाषांत सहज बोलणारा कलावंत हा येथील विशेष आहे आणि त्याला मोल आहे.

प्रसिद्धी हा या हिशेबाचा दुसरा भाग. २००७ मध्ये दूरचित्रवाणीवरील ‘व्हॉइस ऑफ इंडिया’ स्पर्धेतून जबलपूरचा आभास जोशी देशभर पोहोचला, तेव्हा छोट्या शहरांतील अनेक घरांत आशा जागल्या. मात्र अशी संधी एखाद्याच्याच वाट्याला येते. उरलेल्यांसाठी तीन-चार मिनिटांची दोन स्वच्छ ध्वनिचित्रमुद्रणे अधिक उपयोगी ठरतात : एक विलंबित वा गंभीर, एक लोकांना चटकन भावेल असे. निवड करणारा आयोजक संपूर्ण मैफल ऐकत नाही; पहिल्या अर्ध्या मिनिटात त्याचे मत बनते. नवोदितांकडूनच ‘नोंदणी शुल्क’ वा ‘मंच शुल्क’ मागणाऱ्या स्पर्धांपासून सावध राहणे हितावह.

कायदा काय सांगतो?

एकट्या कलावंताला व्यवस्थापक नसतो, म्हणून काही नियम स्वतःलाच ठाऊक असावे लागतात.

तोंडी करारही भारतीय कायद्याने करारच असतो. परंतु तो सिद्ध करणे कठीण. म्हणून तारीख, वेळ, कालावधी, मानधन, साथीदारांचा खर्च आणि ध्वनिव्यवस्था एवढ्या सहा गोष्टी भ्रमणध्वनीवरील संदेशात लिहून आयोजकाचा होकार घेतला तरी मोठे काम होते. ठरलेल्या रकमेचा काही भाग विसार म्हणून आधी घेण्याची पद्धत मंगल कार्यालय, मंडपवाले आणि आचारी सर्वच पाळतात. गायकानेच ती का पाळू नये, याला उत्तर नाही.

स्वामित्व हक्क कायद्यात १९९४ साली सादरकर्त्याचा हक्क आला आणि २०१२ च्या दुरुस्तीने तो बळकट झाला. त्यानुसार कलावंताच्या संमतीवाचून त्याच्या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण वा चित्रीकरण करून ते प्रसारित करता येत नाही. हा हक्क पन्नास वर्षे टिकतो. मंडळाने कार्यक्रम थेट समाजमाध्यमावर दाखवायचा असेल तर ते आधी विचारले गेले पाहिजे. दुसऱ्यांची गीते जाहीर कार्यक्रमात गाण्यासाठी परवाना लागू शकतो आणि तो काढण्याचे काम आयोजकाकडे असल्याचे लेखी नमूद करावे. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधींना, तसेच लग्नाच्या मिरवणुकीला व विवाहाशी निगडित समारंभांना कायद्याने यातून सूट आहे.

१ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा करात लोककला वा शास्त्रीय परंपरेतील गायन-वादनाला, मानधन दीड लाख रुपयांपर्यंत असल्यास, सूट आहे. भावगीते वा चित्रपटगीते यांना ती लागू नाही. पण सेवांसाठी नोंदणीची वार्षिक मर्यादा साधारणतः २० लाख रुपये असल्याने बहुसंख्य छोट्या कलावंतांना या कराची धास्ती बाळगण्याचे कारण नाही.

ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम मात्र प्रत्येकाने लक्षात ठेवावेत. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपकाला मनाई आहे. बंदिस्त सभागृहाला ती लागू होत नाही. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. डिसेंबर २०२३ पासून मध्य प्रदेश सरकारने या नियमांच्या अंमलबजावणीवर विशेष भर दिला. उशिरा सुरू झालेली मैफल दहाच्या ठोक्याला थांबली तर दोष कलावंताचा नसतो. पण रक्कम ‘अर्ध्या कार्यक्रमाची’ मिळण्याची वेळ येते. उद्यानात होणारी दिवाळी पहाटही सहानंतरच ध्वनिक्षेपकावर जाऊ शकते. कार्यक्रमाची वेळ लिहून घेण्याचे हेही एक कारण.

सेवा आणि व्यवसाय

पैशांचा विषय काढल्यास माणसे दुरावतील, ही भीती या साऱ्याच्या मुळाशी आहे. मंडळाचे अध्यक्ष बालपणापासून ओळखीचे ‘काका’ असतात. त्यांच्यापुढे दर सांगताना जीभ अडखळते. यावर एक सोपी वाट आहे. वर्षातून किती कार्यक्रम सेवा म्हणून करायचे, ते कलावंताने स्वतःच ठरवावे. देवाचा एक, गुरूंच्या पुण्यतिथीचा एक, आपल्या मंडळाचा एक. ते आनंदाने आणि पूर्ण तयारीनिशी करावेत. उरलेल्या प्रत्येक निमंत्रणाला मानधनाचा आकडा पहिल्याच संभाषणात, नम्रपणे आणि कारण सांगून कळवावा. साथीदारांचा खर्च वेगळा मांडला की आकडा का एवढा, हे आयोजकालाही समजते. मंडळाकडे खरोखरच पैसे नसतील तर कार्यक्रम लहान करता येतो, एखादा प्रायोजक शोधता येतो किंवा नाममात्र तिकीट ठेवता येते.

आयोजकांचीही यात जबाबदारी आहे. मंडपाला, रोषणाईला आणि प्रसादाला अंदाजपत्रकात रक्कम असते. गाण्यासाठीही ती असावी, मग ती लहान का असेना. कलावंताला योग्य मानधन देणाऱ्या मंडळाला पुढच्या वर्षी चांगला कार्यक्रम मिळतो, कारण तालमीला लागणारा वेळ त्याने विकत घेतलेला असतो. जेथे तो मिळत नाही तेथे कलावंत एक तर शहर सोडतो किंवा संगीत सोडतो. आपल्या गावात गाणारे कोणी उरले नाही, ही तक्रार मग त्याच मंडळांना करावी लागते.

शाल-श्रीफळाचा मान मोठाच आहे. पण श्रीफळाने वाण्याची उधारी फिटत नाही. जुन्या काळी कीर्तन संपल्यावर आरतीचे तबक फिरत असे आणि त्यात नाणे टाकताना कोणी संकोच करत नसे. त्या तबकाची जागा आज बँक खात्याने घेतली आहे, एवढाच फरक मानला तर नेपियर टाउनमधील कलावंत आणि त्याला बोलावणारे मंडळ, दोघांनाही बोलणे सोपे जाईल.